लिलियन थुराम

लिलियन थुराम (फ्रेंच उच्चार: लिल्याँ त्युराम, जन्म: १ जानेवारी १९७२, प्वांत-आ-पित्र, ग्वादेलूप) हे फ्रान्सचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, लेखक आणि वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते आहेत. ते बचावपटू होते. उजव्या बगलेवर आणि बचावफळीच्या मध्यभागी अशा दोन्ही जागांवर ते सारख्याच अधिकाराने खेळत. १९९८चा विश्वचषक आणि २०००चा युरोपीय चषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघांचे ते प्रमुख खेळाडू होते. १९९४ ते २००८ या काळात ते फ्रान्सकडून १४२ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. फ्रान्सच्या पुरुष संघाचा हा विक्रम २०२२ पर्यंत अबाधित होता.

या १४२ सामन्यांत त्यांनी केवळ दोन गोल केले. ते दोन्ही गोल १९९८च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातील असून त्यांच्याच बळावर फ्रान्सने प्रथमच विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. निवृत्तीनंतर थुराम यांनी शिक्षणाच्या मार्गाने वर्णद्वेषाचा प्रतिकार करणारी संस्था स्थापन केली. वर्णद्वेष हा माणसाचा जन्मजात स्वभाव नसून तो समाजाकडून शिकला जातो, म्हणून तो शिक्षणाने दूरही करता येतो, हा त्यांच्या कार्याचा गाभा आहे.

प्रारंभिक जीवन

थुराम यांचा जन्म कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप या बेटावर झाला. हे बेट सतराव्या शतकापासून फ्रेंचांची वसाहत होते आणि तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. तेथील गुलामगिरी १८४८ साली कायमची संपुष्टात आली. १९४६ पासून ग्वादेलूप हा फ्रान्सचा सागरपार जिल्हा आहे. त्यामुळे थुराम हे जन्मतः फ्रेंच नागरिक होते. थुराम हे फ्रान्समध्ये परदेशातून आलेले स्थलांतरित नव्हते. त्यांची पुढील भूमिका समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

त्यांचे बालपण बेटाच्या उत्तर भागातील आन्स-बेर्त्रां या गावी गेले. आई मारियाना यांनी पाच मुलांना एकटीने वाढवले. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्या आधी एकट्याच पॅरिसकडे गेल्या, तेथे घरकाम करून पैसे साठवले आणि १९८१ मध्ये मुलांना बोलावून घेतले. त्या वेळी लिलियन नऊ वर्षांचे होते. हे कुटुंब पॅरिसच्या आग्नेयेस फाँतेनब्लोजवळील आव्हाँ येथील एका कामगार वस्तीत स्थायिक झाले. तेथे अनेक देशांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहत असत.

नव्या शाळेत वर्गमित्रांनी त्यांना ‘ला न्वारोद’ असे चिडवण्यास सुरुवात केली. त्या काळी दूरचित्रवाणीवर दोन गाईंची एक व्यंगचित्रमालिका लोकप्रिय होती. तीत पांढरी गाय हुशार, तर काळी गाय मूर्ख दाखवलेली असे. ‘न्वारोद’ हे त्या काळ्या गाईचे नाव होते. लोक काळ्या रंगाकडे हीनतेने का पाहतात, असे त्यांनी घरी आईला विचारले. लोक तसेच असतात आणि ते बदलणार नाहीत, अशा आशयाचे उत्तर आईने दिले. या उत्तराने आपले समाधान झाले नाही आणि पुढील सारा शोध त्या प्रश्नातून सुरू झाला, असे थुराम यांनी आपल्या लेखनातून आणि मुलाखतींतून अनेकदा सांगितले आहे.

फुटबॉलचे प्रारंभिक धडे त्यांनी फाँतेनब्लो परिसरातील पोर्तुगीज रहिवाशांच्या एका क्लबमध्ये घेतले. तेथून पुढे मोनॅकोच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांची निवड झाली.

क्लब कारकीर्द

मोनॅको (१९९०–१९९६)

मोनॅकोचे तत्कालीन प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी १९९०–९१च्या हंगामात थुराम यांना मुख्य संघात प्रथम संधी दिली. त्याच हंगामात मोनॅकोने फ्रेंच चषक जिंकला. १९९२ मध्ये हा संघ युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. लिस्बन येथील त्या सामन्यात जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनने त्यांचा २–० असा पराभव केला. मोनॅकोतील सहा वर्षांत थुराम यांची गणना फ्रान्समधील अव्वल बचावपटूंमध्ये होऊ लागली.

पार्मा (१९९६–२००१)

१९९६ मध्ये ते इटलीतील पार्मा या क्लबकडे गेले. इटालियन फुटबॉलमध्ये बचावाला कलेचा दर्जा दिला जातो आणि त्या काळी जगातील उत्तमोत्तम आघाडीपटू इटलीच्या ‘सेरी आ’ या साखळी स्पर्धेत खेळत असत. बचावपटूसाठी याहून कठीण शाळा नव्हती. प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी यांच्या मार्गदर्शनाखाली पहिल्याच हंगामात पार्माने दुसरा क्रमांक पटकावला. विजेत्या युव्हेंटसपेक्षा त्यांना केवळ दोन गुण कमी पडले. १९९७ साली थुराम यांची फ्रान्समधील वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवड झाली.

गोलरक्षक जानलुइजी बुफॉन आणि त्यांच्यापुढे फाबियो कन्नाव्हारो व थुराम ही पार्माची बचावफळी युरोपातील सर्वोत्तम फळ्यांपैकी एक मानली जाई. १९९९ मध्ये पार्माने इटालियन चषक जिंकला, तसेच १२ मे १९९९ रोजी मॉस्को येथे मार्सेय संघाचा ३–० असा पराभव करून यूएफा चषकही मिळवला.

युव्हेंटस (२००१–२००६)

२००१ मध्ये थुराम आणि बुफॉन हे दोघेही तुरीनच्या युव्हेंटस क्लबमध्ये दाखल झाले. मार्चेलो लिप्पी प्रशिक्षक असताना युव्हेंटसने २००१–०२ आणि २००२–०३ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘सेरी आ’ जिंकली. २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मात्र मँचेस्टर येथे एसी मिलानकडून पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांना हार पत्करावी लागली. २००४ मध्ये कन्नाव्हारोही या क्लबमध्ये आले आणि पार्माचे हे त्रिकूट पुन्हा एकत्र जमले.

युव्हेंटसने २००४–०५ आणि २००५–०६ मध्येही पहिला क्रमांक मिळवला होता. परंतु पंचांच्या नेमणुकांवर क्लबचे पदाधिकारी प्रभाव टाकत असल्याचे २००६ मध्ये उघडकीस आले. या प्रकरणात ही दोन्ही विजेतेपदे रद्द झाली आणि क्लबची दुसऱ्या श्रेणीत पदावनती करण्यात आली. खेळाडूंवर आरोप नव्हते, तथापि अनेकांनी क्लब सोडला. थुराम हे त्यांपैकी एक होत.

बार्सिलोना (२००६–२००८) आणि निवृत्ती

वयाच्या चौतिसाव्या वर्षी थुराम बार्सिलोनाकडे गेले. तेथे त्यांनी २००६ चा स्पॅनिश सुपर चषक जिंकला. २००६–०७च्या साखळी स्पर्धेत बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांचे गुण समसमान झाले, परंतु परस्परांतील सामन्यांच्या निकालांवरून विजेतेपद माद्रिदला मिळाले.

२००८ च्या उन्हाळ्यात पॅरिस सँ-जेर्मां या क्लबशी त्यांचा करार होण्याच्या बेतात होता. करारापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयात जन्मजात दोष आढळला. त्यांच्या एका भावाचा मृत्यू अशाच विकाराने झाला होता. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती जाहीर केली.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

पदार्पण

१७ ऑगस्ट १९९४ रोजी बोर्दो येथे चेक प्रजासत्ताकाविरुद्ध थुराम फ्रान्सकडून पहिला सामना खेळले. झिनेदिन झिदान यांचेही आंतरराष्ट्रीय पदार्पण त्याच सामन्यात झाले. १९९६ च्या युरोपीय चषकात फ्रान्सने उपांत्य फेरी गाठली, परंतु तेथे चेक संघानेच पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांना बाहेर काढले.

१९९८ चा विश्वचषक

१९९८ च्या विश्वचषकाचे यजमानपद फ्रान्सकडे होते. प्रशिक्षक एमे जाके यांनी थुराम यांना उजव्या बगलेवर खेळवले. मध्यभागी लोराँ ब्लाँ व मार्सेल देसायी, डावीकडे बिक्सांते लिझाराझू आणि गोलमध्ये फाबियाँ बार्तेझ होते. या संघाने सात सामन्यांत मिळून केवळ दोन गोल स्वीकारले.

८ जुलै १९९८ रोजी पॅरिसजवळील साँ-देनी येथे क्रोएशियाविरुद्ध उपांत्य सामना झाला. मध्यंतरानंतर लगेच दावोर शुकर यांनी गोल करून क्रोएशियाला आघाडी मिळवून दिली. या गोलाला थुराम यांचीच चूक कारणीभूत होती. ऑफसाइडच्या नियमानुसार आघाडीपटूला चेंडू दिला जातो त्या क्षणी त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. बचावफळी एकाच रेषेत पुढे सरकली, तर मागे राहिलेला आघाडीपटू ऑफसाइड ठरतो. इतर बचावपटू पुढे सरकले असता थुराम मागे राहिले आणि त्यामुळे शुकर यांचा गोल नियमात बसला.

जेमतेम एका मिनिटातच थुराम यांनी झ्वोनिमीर बोबान यांच्याकडून चेंडू हिसकावून घेतला, यूरी जोर्काएफ यांच्याशी देवाणघेवाण केली आणि गोल करून बरोबरी साधली. सत्तराव्या मिनिटाला त्यांनी आपल्या दुबळ्या मानल्या जाणाऱ्या डाव्या पायाने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून दुसरा गोल केला. त्यानंतर ते गुडघ्यांवर बसले आणि ओठांवर बोट ठेवून विचारमग्न मुद्रेत काही क्षण स्तब्ध राहिले. हे छायाचित्र त्या स्पर्धेच्या ओळखीच्या खुणांपैकी एक झाले. पुढे ब्लाँ यांना मैदानाबाहेर काढले गेले, तरी दहा खेळाडूंनिशी फ्रान्सने २–१ असा विजय राखला. १२ जुलै रोजी अंतिम सामन्यात ब्राझीलचा ३–० असा पराभव करून फ्रान्सने पहिला विश्वचषक जिंकला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत रोनाल्डो आणि शुकर यांच्यामागोमाग थुराम तिसरे आले. बचावपटूसाठी हा दुर्मीळ मान होता.

२००० ते २००४

२ जुलै २००० रोजी रॉटरडॅम येथे युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने इटलीला २–१ असे हरवले. जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपवणारा ‘सुवर्णगोल’ हा नियम तेव्हा लागू होता आणि तो गोल दाविद त्रेझेगे यांनी केला. विश्वविजेता म्हणून २००२ च्या विश्वचषकात उतरलेला फ्रान्सचा संघ मात्र एकही गोल न करता पहिल्याच फेरीत गारद झाला. २००४ च्या युरोपीय चषकाच्या उपउपांत्य फेरीत ग्रीसकडून पराभूत झाल्यावर थुराम यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला.

पुनरागमन आणि २००६ चा विश्वचषक

पात्रता फेरीत फ्रान्स अडचणीत आल्यामुळे ऑगस्ट २००५ मध्ये झिदान आणि क्लोद माकेलेले यांच्यासह थुराम संघात परतले. २००६ च्या विश्वचषकात विल्यम गालास यांच्या साथीने त्यांनी बचावफळीचा मध्य सांभाळला. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ते सामनावीर ठरले. ९ जुलै २००६ रोजी बर्लिन येथील अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये इटलीने फ्रान्सला नमवले. त्या इटालियन संघाचे कर्णधार कन्नाव्हारो आणि गोलरक्षक बुफॉन हे दोघेही थुराम यांचे पार्मा व युव्हेंटसमधील सहकारी होते.

त्याच वर्षी देसायी यांचा ११६ सामन्यांचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी मागे टाकला. २००८ च्या युरोपीय चषकात नेदरलँड्सविरुद्धचा सामना त्यांचा १४२ वा आणि अखेरचा ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये गोलरक्षक ह्यूगो लोरिस यांनी हा विक्रम मोडला.

खेळाची शैली

थुराम यांच्याकडे वेग, ताकद आणि उडी हे बचावपटूला आवश्यक असलेले तिन्ही गुण होते. मात्र खेळाचा अंदाज आधीच बांधण्याची क्षमता हे त्यांचे खरे बलस्थान मानले जाते. प्रतिस्पर्ध्यावर झेप घेण्यापेक्षा चेंडू जेथे येणार तेथे आधी पोहोचण्यावर त्यांचा भर असे. क्लबकडून ते बहुधा मध्यभागी खेळत. तरीही राष्ट्रीय संघाची गरज म्हणून त्यांनी दीर्घकाळ उजवी बगल सांभाळली.

सामाजिक भूमिका

१९९८ च्या विजयानंतर फ्रान्समध्ये ‘काळे, गोरे, अरब’ अशा मिश्र संघाचा मोठा गौरव झाला आणि देशातील वंशभेद मावळल्याचे चित्र अनेकांनी रंगवले. तत्पूर्वी १९९६ मध्ये अतिउजव्या पक्षाचे नेते जाँ-मारी ल पेन यांनी हा संघ पुरेसा फ्रेंच नसल्याची टीका केली होती. २००६ मध्ये संघात कृष्णवर्णीय खेळाडू अधिक असल्याचे वक्तव्य त्यांनी केले. फ्रेंच माणूस गोरा असतो तसा काळाही असतो, हे ल पेन यांना ठाऊक नसावे, अशा आशयाचे उत्तर थुराम यांनी दिले.

६ ऑक्टोबर २००१ रोजी फ्रान्स आणि अल्जीरिया यांच्यातील मैत्रीपूर्ण सामना प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे अर्धवट सोडावा लागला. मैदानात धावत आलेल्या एका तरुणाला पकडून थुराम त्याला सुनावत असल्याचे दृश्य तेव्हा सर्वत्र दाखवले गेले. अशा वर्तनाने वस्त्यांतील मुलांविषयीचे पूर्वग्रह अधिकच घट्ट होतात, ही त्यांच्या संतापामागची भावना होती.

२००५ च्या शरद ऋतूत पोलिसांपासून लपण्यासाठी वीज उपकेंद्रात शिरलेल्या दोन मुलांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला आणि फ्रान्सच्या उपनगरांत दंगली उसळल्या. तत्कालीन गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी वस्त्यांतील उपद्रवी तरुणांसाठी हेटाळणीचा शब्द वापरला होता. आपणही अशाच वस्तीत वाढलो आहोत, असे सांगून थुराम यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. हिंसेचा निषेध करताना तिची कारणेही शोधली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये काशाँ येथील इमारतीतून पोलिसांनी बाहेर काढलेल्या बेघर स्थलांतरितांपैकी काहींना त्यांनी आणि पात्रिक व्हियेरा यांनी फ्रान्स–इटली सामन्यासाठी निमंत्रित केले.

संस्था, लेखन आणि प्रदर्शन

२००८ मध्ये थुराम यांनी ‘लिलियन थुराम प्रतिष्ठान: वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण’ ही संस्था स्थापन केली. संस्था शिक्षकांसाठी अध्यापनसामग्री तयार करते, तर थुराम स्वतः शाळांमध्ये जाऊन विद्यार्थ्यांशी संवाद साधतात.

२०१० मध्ये त्यांचे ‘मेझ एत्वाल न्वार’ (माझे कृष्णवर्णीय तारे) हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शाळेत कृष्णवर्णीयांचा उल्लेख आपण प्रथम ऐकला तो गुलामगिरीच्या धड्यात, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. ज्या समूहाचा इतिहास केवळ साखळदंडांपासून सुरू झाल्याचे मुलांना सांगितले जाते, त्या समूहातील मुलाला स्वतःविषयी आणि इतर मुलांना त्याच्याविषयी आदर कसा वाटावा, असा प्रश्न हे पुस्तक उपस्थित करते. त्याचे उत्तर म्हणून कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ, लेखक, राजे, बंडखोर आणि नेते यांची चरित्रचित्रे त्यात दिली आहेत.

२०११ मध्ये पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात भरलेल्या एका प्रदर्शनाचे ते मुख्य संयोजक होते. युरोप व अमेरिकेत एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत वसाहतींतील माणसांना ‘रानटी’ म्हणून प्रेक्षकांपुढे मांडले जाई. या ‘मानवी प्राणिसंग्रहालयां’चा इतिहास त्या प्रदर्शनातून उलगडला. १९९८ च्या विश्वविजेत्या संघातील क्रिस्तियाँ कारांब्यू यांच्या पणजोबांनाही न्यू कॅलिडोनियातून आणून १९३१ साली पॅरिसमध्ये नरभक्षक म्हणून असेच दाखवण्यात आले होते.

२०२० मध्ये त्यांचे ‘ला पाँसे ब्लांश’ (गोरी विचारसरणी) हे पुस्तक आले. गोरेपणा हा केवळ त्वचेचा रंग नसून गुलामगिरी आणि वसाहतवाद यांच्या आर्थिक हितसंबंधांतून घडलेला दृष्टिकोन आहे, असे प्रतिपादन त्यात आहे.

टीका आणि वाद

२०१० च्या विश्वचषकादरम्यान दक्षिण आफ्रिकेत फ्रेंच खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. तेव्हा थुराम हे फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या मंडळावर होते. कर्णधार पात्रिस एव्हरा यांना पुन्हा संघात घेऊ नये, अशी मागणी त्यांनी केली. एव्हरा यांनी तिला तीव्र शब्दांत प्रत्युत्तर दिले. २०११ मध्ये प्रशिक्षण केंद्रांत दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याची चर्चा महासंघाच्या एका बैठकीत झाल्याचे उघड झाले. राष्ट्रीय संघाचे तत्कालीन प्रशिक्षक असलेले त्यांचे जुने सहकारी ब्लाँ हे त्या बैठकीस उपस्थित होते. थुराम यांनी या चर्चेवर कठोर टीका केली. या प्रश्नावर १९९८ च्या संघातील सहकाऱ्यांमध्येही उघड मतभेद झाले.

सप्टेंबर २०१९ मध्ये इटलीतील एका सामन्यात रोमेलू लुकाकू यांच्याविरुद्ध वर्णद्वेषी आवाज काढण्यात आले. त्यावर इटालियन वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत, गोरे लोक स्वतःला श्रेष्ठ समजतात, असे विधान थुराम यांनी केले. सर्व गोऱ्यांना एकाच मापाने मोजल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि वर्णद्वेषविरोधी चळवळीतूनही काहींनी नापसंती व्यक्त केली. आपला रोख व्यक्तींवर नसून इतिहासाने घडवलेल्या विचारसरणीवर होता, असा खुलासा त्यांनी केला.

कुटुंब

थुराम यांचे दोन्ही पुत्र व्यावसायिक फुटबॉलपटू असून दोघांचाही जन्म इटलीत झाला. थोरले मार्कुस (जन्म १९९७) यांचे नाव कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे जमैकातील नेते मार्कस गार्व्ही यांच्यावरून, तर धाकटे केफ्रेन (जन्म २००१) यांचे नाव प्राचीन इजिप्तमधील पिरॅमिड उभारणाऱ्या राजावरून ठेवले आहे. आघाडीपटू मार्कुस २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळले आणि इंटर मिलानकडून २०२३–२४ ची ‘सेरी आ’ जिंकली. जून २०२४ मध्ये युरोपीय चषकादरम्यान त्यांनी फ्रान्समधील अतिउजव्या पक्षाविरुद्ध मतदानाचे जाहीर आवाहन केले. मध्यफळीत खेळणारे केफ्रेन २०२४ मध्ये वडिलांच्या जुन्या क्लबमध्ये, युव्हेंटसमध्ये, दाखल झाले.

प्रमुख विजेतेपदे आणि सन्मान

फ्रान्स: विश्वचषक १९९८ (उपविजेतेपद २००६); युरोपीय चषक २०००; कॉन्फेडरेशन्स चषक २००३
मोनॅको: फ्रेंच चषक १९९१
पार्मा: इटालियन चषक १९९९, यूएफा चषक १९९९, इटालियन सुपर चषक १९९९
युव्हेंटस: सेरी आ २००१–०२, २००२–०३, इटालियन सुपर चषक २००२, २००३
बार्सिलोना: स्पॅनिश सुपर चषक २००६
वैयक्तिक: फ्रान्समधील वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू १९९७, विश्वचषकातील तिसरा सर्वोत्तम खेळाडू १९९८, विश्वविजेत्या संघासह ‘लेज्याँ दॉनर’ हा फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान १९९८, फिफाच्या शताब्दीनिमित्त २००४ मध्ये पेले यांनी केलेल्या हयात महान फुटबॉलपटूंच्या यादीत समावेश